पोरगं म्हणालं, ‘जन्मानं’

दोस्तहो, आधी एक कबुली देतो. हा लेख दुसऱ्यांना झोडायला म्हणून लिहायला घेतला होता. लिहिता लिहिता काठी आपल्याच पाठीत बसली.

पवईत फिल्टरपाड्याच्या अंगाला आमची वस्ती. एकीकडे १८९१ सालचा इंग्रजांनी बांधलेला तलाव, दुसरीकडे आभाळाला टेकलेले टॉवर, आणि मधे डोंगरउताराला चिकटलेले आपण. आमच्या गल्लीत एक मेथडिस्ट घर आहे. त्याचा आजा आणि माझा आजा एकाच महारवाड्यातले. त्याच्या आजानं बाप्तिस्मा घेतला. माझ्या आजानं १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूर गाठलं. येसकराची काठी दोघांच्याही हातात होती. दोघांनीही ती टाकली, फक्त वेगवेगळ्या वाटेवर.

त्याची पोरगी पंधरा वर्षांची. माझं पोरगं तिच्याच वर्गात. मागच्या हिवाळ्यात ती तीन दिवस घरी नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी गेली, रविवारी परतली. चर्चचं शिबिर होतं, ते लोक रिट्रीट म्हणतात. कन्फर्मेशनच्या आधीची तयारी. मी ओट्यावर बसून टवाळी केली. म्हटलं, चला, पाद्र्यांचा कारखाना सुरू झाला, मेंढरं मोजायला घेतली.

पोरगी चिडली नाही. तिनं माझ्या पोराला विचारलं, ‘तू बौद्ध कसा झालास रे?’

पोरानं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, ‘जन्मानं.’

ती म्हणाली, ‘म्हणजे तुला कोणी विचारलंच नाही?’

दोस्तहो, माझ्या हातातला चहा निवला. ‘जन्मानं’ हा शब्द कुणाचा? हा शब्द मनूचा. ब्राह्मण जन्मानं, शूद्र जन्मानं, अस्पृश्य जन्मानं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जे पुस्तक जाळलं त्याचा सगळा डोलारा या एका शब्दावर उभा होता. आणि तोच शब्द माझ्या घरात, माझ्या पोराच्या तोंडात, निळ्या झेंड्याखाली नांदतोय. बावीस प्रतिज्ञांमध्ये एक प्रतिज्ञा नव्या जन्माची आहे. आपण नवा जन्म सोडला आणि जुना जन्म धरून बसलो.

मग मी टवाळी थांबवली आणि त्या पोरीला खोदून खोदून विचारलं, तिथं करता काय?

मेथडिस्ट लोक तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देतात. लेकराला काय कळतंय? तेव्हा ‘होय’ म्हणतात ते आईबाप. पण चर्च तेवढ्यावर भागवत नाही. पोर चौदा-पंधराचं झालं की त्याला धरून बसवतात. काही आठवडे वर्ग. श्रद्धेचा अंगीकार म्हणजे काय, आज्ञा कोणत्या, प्रभुभोजन कशासाठी, मंडळीचा सभासद म्हणजे कोण. मग घरापासून लांब दोन दिवस. मोबाइल काढून घेतात. आपापली शंका कागदावर लिहायला लावतात. पाळक एकेकाला बाजूला घेऊन बसतो. आणि नंतर एका रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभं करून विचारतात, तुझ्या आईबापानं तुझ्या वतीनं जे कबूल केलं ते आता तू स्वतःच्या तोंडानं कबूल करतोस का? ‘होय’ म्हटलं तर पाळक डोक्यावर हात ठेवतो. पुस्तकी मराठीत याला दृढीकरण म्हणतात.

पोरगी म्हणाली, ‘काका, एक मुलगा म्हणाला, मी अजून तयार नाही. त्याला कोणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी ये म्हणाले.’

हे ‘अजून नाही’ मला टोचलं. ज्याला ‘नाही’ म्हणायची मुभा आहे त्याच्याच ‘होय’ला किंमत.

यांचा इतिहासही बघा. मेथडिस्ट पंथ जॉन वेस्लीच्या चळवळीतून निघाला. अठराव्या शतकातला हा इंग्लंडचा पाद्री खाणमजुरांत, गोरगरिबांत उघड्यावर भाषणं करायचा. १७८४ साली अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी त्यानं उपासनेचं पुस्तक छाटून पाठवलं, त्यात कन्फर्मेशनचा विधीच गाळून टाकला. मग काय, कुणालाही आत घ्यायचं? तसं नाही. त्याच्याकडे दुसरी रीत होती. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये प्रार्थनाघराचं कर्ज फेडायला माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरलं. बारा-बारा माणसांमागे एक पुढारी, तो दारोदार जाऊन पेनी गोळा करी. जाता जाता विचारायला लागला, कसं चाललंय, दारू सुटली का, बायकोला मारतोस का. पेनीतून संघटना उभी राहिली. नव्या माणसाला आधी उमेदवारी करावी लागे, मगच तो पक्का सभासद. विसाव्या शतकात कन्फर्मेशनचा विधी त्यांच्याकडे परत आला. म्हणजे विधी आला, गेला, पुन्हा आला. माणसाला एकेकटं गाठून विचारणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

मुंबईत ही चळवळ १८७१-७२ च्या सुमाराला विल्यम टेलर या अमेरिकन माणसानं आणली. भारतातले मेथडिस्ट १९७० साली उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये गेले नाहीत, आणि १९८१ साली त्यांचं चर्च स्वायत्त झालं. थोडक्यात, आपल्याच रक्तामासाची माणसं तिथं बसली आहेत. त्यांच्याशी बोलायला हरकत काय?

पण आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. मी त्या पोरीला पुढं विचारलं, ‘दोन दिवसांत जात हा शब्द किती वेळा आला?’

ती गप्प बसली. मग म्हणाली, ‘एकदाही नाही.’

हे घ्या! पाप आलं, क्षमा आली, रात्री शेकोटीभोवती रडणं आलं. ज्या जातीपायी तिच्या पणज्यानं गाव सोडलं, ती जात आली नाही. लग्नाची वेळ आली की मात्र मूळ कुठलं ते बरोबर विचारतात. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती मंडळींपुढे बोलताना बाबासाहेबांनी हेच तोंडावर सुनावलं होतं, की तुमचा समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उतरत नाही. ‘होय’ म्हणवून घ्यायचं आणि कशाला ‘नाही’ म्हणायचं ते सांगायचं नाही, हे अर्धंच दृढीकरण.

त्याच वेस्लीच्या पंथात अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी काय केलं ते आठवा. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्यांना गोऱ्यांनी ओढून उठवलं. रिचर्ड ॲलन आणि त्याचे साथी उठले ते बाहेरच पडले. १८१६ साली त्यांनी स्वतःचं आफ्रिकन मेथडिस्ट चर्च उभारलं. रीत वेस्लीची ठेवली, मालकी गोऱ्यांची झुगारली. म्हणजे दुसऱ्याची चांगली रीत उचलणं म्हणजे दुसऱ्याचे पाय धरणं नव्हे. ज्यांना भीती वाटते की आपण मिशनऱ्यांची नक्कल करतोय, त्यांनी ॲलनचा धडा वाचावा.

आणि त्याहून मोठा धडा आपल्याच घरात पडलाय, धूळ खात. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ उघडा. पुस्तक बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली बाहेर आलं. त्यात त्यांनी स्वच्छ दाखवून दिलंय की भिक्खूंसाठी संघदीक्षा होती, पण घरसंसारात राहणाऱ्या उपासकासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. ही त्यांच्या मते भयंकर उणीव. भारतातून धम्म लयाला जाण्याच्या कारणांपैकी एक कारण. दीक्षाच नाही म्हटल्यावर उपासक आज इकडे, उद्या तिकडे, आणि वाईट म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी भिक्खू चंद्रमणींकडून स्वतः दीक्षा घेतली आणि मग स्वतःच लाखो संसारी माणसांना दीक्षा दिली. अडीच हजार वर्षांची भेग त्यांनी एका दिवसात बुजवली.

आणि आपण? ती भेग पुन्हा उकरली. १९५६ ला ज्यांनी दीक्षा घेतली त्यांनी तोंडानं म्हटलं. घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. त्यांच्या पोरांनी ते डोळ्यांनी बघितलं. नातवांना नुसता दाखल्यावरचा शब्द मिळाला. आणि पणतू म्हणतो, ‘जन्मानं.’

खोटं वाटत असेल तर आपापल्या शाखेत विचारून बघा. १४ एप्रिलला डीजेपुढं नाचणाऱ्या किती पोरांना बावीस प्रतिज्ञा क्रमानं येतात? सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभं राहून परत आल्यावर किती घरांत गणपती बसतो? किती मनगटांवर लाल धागा? किती लग्नांत बुद्धवंदना आणि हुंडा एकाच मांडवात? बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात घोषणा केली आणि १९५६ ला दीक्षा घेतली. एकवीस वर्षं! त्या माणसानं एकवीस वर्षं विचार केला, अन् आपण आपल्या पोरांना विचार करायला दोन दिवस देत नाही.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. म्हणाल, भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरं होतात, उपासिका शिबिरं होतात. होतात. चांगली होतात. पण तिथं जातो तो आधीच ओढ असलेला. माझ्या पोरासारखा मोबाइलमध्ये मान घातलेला तिथं पोचत नाही. आणि तिथं शिकवतात. ‘तुला पटतंय का’ असं एकेकाला विचारून त्याच्या उत्तरासाठी थांबणं ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरा म्हणेल, सवलतींचं काय? पोरगं ‘नाही’ म्हणालं तर दाखल्याचं काय? ऐका. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूपुरत्या बांधल्या. शिखांना १९५६ ला मिळाल्या. आपल्याला केंद्रात १९९० पर्यंत थांबावं लागलं. ख्रिस्ती झालेला दलित अजून यादीबाहेर आहे. या चौतीस वर्षांत आपल्यातल्या अनेकांनी पोटासाठी कागदावर ‘हिंदू महार’ लिहिलं आणि घरात बुद्धाचा फोटो लावला. त्यांना मी दोष देत नाही, पोट जाळतं. पण कागदावर एक आणि मनात एक ही सवय तिथूनच लागली. आता कागद सुधारला. मन कधी सुधारायचं? आणि शेजारचा ख्रिस्ती भाऊ अजून बाहेर उभा आहे, त्याच्यासाठी आपला आवाज कधी निघायचा?

तिसरा गप्प राहील, पण त्याच्या मनात खरी भीती असेल: पोरगं खरंच ‘नाही’ म्हणालं तर? म्हणू दे. बुद्धानं कालामांना हेच सांगितलं, परंपरेनं आलं म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. विचार करून ‘नाही’ म्हणणारं पोर बाबासाहेबांच्या जास्त जवळ आहे. न विचार करता ‘जयभीम’ म्हणणारं त्याच्या मागं कुठंतरी.

तेव्हा मी सुचवतो ते करून बघा. पैसा लागत नाही.

दहा-बारा पोरंपोरी, पंधरा-सोळा वयाची. आपल्याच वस्तीतलं विहार. शनिवार-रविवार. हार नाही, पाहुणे नाहीत, दोन तासांचं अध्यक्षीय भाषण तर अजिबात नाही. मोबाइल एका टोपलीत. यायच्या आधी प्रत्येकानं घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं: आपल्या घरात देव कुणी काढले, कधी काढले, कोण रडलं? शनिवारी ते सांगायचं. मग बावीस प्रतिज्ञा, एकेक. पाठ करायच्या नाहीत, भांडायचं त्यांच्याशी. ही का? ही आपल्या घरात मोडते का? स्वयंपाक आणि संडास पाळीनं, पोरांनी आधी.

रविवारी सकाळी पायी निघायचं. पवईतलं जयभीम नगर २०२४ च्या ६ जूनला, पावसाळ्याच्या तोंडावर, पाडलं. शेकडो झोपड्या. बाया, म्हातारी, शाळेची पोरं फुटपाथवर आली. वस्तीच्या नावात जयभीम होतं, छपरावर मात्र बुलडोझर. तिथं उभं राहून पोरांना विचारायचं: त्या दिवशी तू असतास तर काय केलं असतंस? धम्माचा अर्थ विहारात जेवढा कळतो तेवढाच तिथं कळतो. मेथडिस्टांच्या शिबिरात राहून गेलं ते हेच. आपण ते गाळायचं नाही.

मग दुपारी एकेकाशी वेगळं बोलायचं. बोलणारा थोरला असावा, पण उपदेश करणारा नसावा. विचारायचं: घेतोस? ‘अजून नाही’ म्हणाला तर खांद्यावर हात, पुढच्या वर्षी ये. ‘घेतो’ म्हणाला तर संध्याकाळी सगळ्या वस्तीसमोर, आपल्या तोंडानं, आपल्या आवाजात. भंते मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर आपल्यातलाच कुणी देईल; नागपुरात संसारी माणसानंच संसारी माणसांना दीक्षा दिली.

आणि त्यानंतर सोडून द्यायचं नाही. दर आठवड्याला त्या दहा-बाराजणांनी भेटायचं, माणशी एक रुपया काढायचा, आणि एकमेकांना विचारायचं: कसं चाललंय? कुठं मोडलास? वेस्लीची पेनी आपल्या रुपयात भरून घ्या, व्याज लागत नाही.

परवा रात्री मी माझ्या पोराला म्हटलं, ‘परत विचारतो. तू बौद्ध कसा झालास?’

या वेळी त्यानं मान वर काढली. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, ‘बाबा, अजून झालो नाही.’

दोस्तहो, त्याच्या आयुष्यातलं धम्माबद्दलचं हे पहिलं खरं वाक्य. त्या वाक्यावर मला काम करायचंय. तुमच्या घरात कुठलं वाक्य आहे ते आज रात्री विचारा.

जयभीम.