शिकारी कुळातले पिल्लू आणि रांगते मूल
साप्ताहिक स्तंभ : घर आणि चतुष्पाद

हाऊंड या सर्वसाधारण नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या जाती राखणीसाठी किंवा गुरे वळण्यासाठी नव्हे, तर शिकारीसाठी घडवल्या गेल्या, आणि ती शिकार कोणत्या इंद्रियाच्या जोरावर साधायची यावरून त्यांचे दोन गट पडतात. जमिनीला नाक लावून माग काढणारे ते गंधशिकारी. बीगल आणि बॅसेट हाऊंड या गटातले. लांबवर हललेले सावज नजरेने टिपून त्याला धावून गाठणारे ते दृष्टिशिकारी. त्यांत ग्रेहाऊंड आणि सालुकी यांच्याबरोबरच दख्खनच्या पठारावरचे मुधोळ, कारवानी आणि कान-शेपटीवर झुपकेदार केस असलेले पश्मी मोडतात. शहरी सदनिकांत बीगलला आणि मराठवाडा-सोलापूरकडच्या शेतवस्त्यांवर कारवानीला पसंती असते, आणि दोन्हीकडे पिल्लू आणताना एक कारण हमखास सांगितले जाते, ते म्हणजे घरात लहान मूल आहे, त्याला सोबत होईल. हे कारण ऐकणाऱ्याला इतके पटते की ते तपासून पाहण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

देशी हाऊंडबद्दलचे कौतुक अलीकडे वाढले आहे आणि ते अनाठायी नाही. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने या कुत्र्यांना आश्रय दिला, मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना त्यांची जोडी भेट दिली आणि संस्थानाचे नाव जातीला कायमचे चिकटले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये या जातीचे तिकीट काढले, बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र उभे राहिले, लष्कराने तिची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी देशी जाती पाळण्याचे आवाहन करताना मुधोळचे नाव घेतले. तथापि टपालतिकिटावर शोभणारा आणि फौजेने पसंत केलेला कुत्रा दोन वर्षांच्या मुलाच्या घरात निभेलच असे यातून निघत नाही, कारण फौजेची कसोटी वेगळी आणि स्वयंपाकघरातली वेगळी.

प्राणिवर्तनाचे अभ्यासक शिकारीकडे एकामागून एक येणाऱ्या कृतींची साखळी म्हणून पाहतात: सावज हेरणे, रोखून पाहणे, पाठलाग, पकड आणि अखेर ठार मारणे. माणसाने निवड-पैदाशीतून, म्हणजे हवे ते गुण असलेल्या नर-मादीचीच वीण वाढवून, निरनिराळ्या जातींत या साखळीच्या निरनिराळ्या कड्या बळकट किंवा दुबळ्या केल्या. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यात रोखून पाहणे ठळक राहिले व पकड दबली, तर दृष्टिशिकाऱ्यात पाठलागाची कडी सर्वांत बळकट झाली. हाऊंड मुलाला सावज समजतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण त्याच्या पिल्लाचा खेळ हा पाठलागाचाच सराव असतो, आणि घरात अवचित पळणारी, किंचाळणारी, धडपडणारी गोष्ट म्हणजे नेमके लहान मूल असते.

दीड-दोन वर्षांचे मूल हातात बिस्किट धरून चालते तेव्हा ते बिस्किट चार महिन्यांच्या कारवानी पिल्लाच्या बरोबर तोंडासमोर येते. पिल्लू ते उचलू पाहते आणि त्यासोबत दोन बोटेही तोंडात धरते; कुत्र्याच्या पिल्लाचे २८ दुधाचे दात अणकुचीदार असतात, साहजिकच मूल किंचाळून हात वर झटकते, हात वर गेला म्हणून पिल्लू उडी घेते, मूल पाठ फिरवून पळते आणि पळणारे काही दिसले की हाऊंडचे पाय थांबत नाहीत. एवढे सगळे घडायला दहा सेकंदही लागत नाहीत आणि त्यात दुष्टावा कोणाचाच नसतो. तरीही मूल कुत्र्याला भिऊ लागते, पिल्लाला पळवण्याची गोडी लागते आणि त्याचा धपाटा मात्र पिल्लाच्या पाठीत बसतो.

पिल्लाच्या जडणघडणीचा विचार करताना समाजीकरणाचा काळ ही संकल्पना ध्यानात घ्यावी लागते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ केलेल्या प्रयोगांवर आधारित ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांदरम्यान पिल्लू ज्या माणसांना, आवाजांना आणि प्राण्यांना सरावते त्यांना ते पुढे आपले मानते, हे त्यातून मान्य झाले. भारतात श्वानपैदाशीविषयीचे २०१७ चे केंद्रीय नियम आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास मनाई करतात, आणि ते योग्यच आहे, कारण जोराने चावू नये हा पहिला धडा पिल्लाला आई आणि भावंडांकडूनच मिळतो. परिणामी नव्या घराच्या हाती जेमतेम चार ते सहा आठवडे उरतात, आणि त्याच दिवसांत लसीकरण अपुरे असल्याने पिल्लाला रस्त्यावर मोकळे सोडताही येत नाही. कारवानी आणि मुधोळ मुळात बुजरे, परक्याचा हात अंगाला लागू न देणारे. त्यांच्या बाबतीत हे आठवडे हुकले तर पुढे पाहुण्यारावळ्यांच्या, मुलांच्या मित्रमंडळींच्या घरात त्यांचे जगणे अवघड होते.

हे आठवडे कोणाचे खर्ची पडतात, याचा हिशेब पिल्लू आणण्याच्या उत्साहात मांडला जात नाही. रात्री दोनदा-तीनदा उठून पिल्लाला लघवीसाठी बाहेर नेणे, दिवसातून चारदा थोडे थोडे खाऊ घालणे, कुरतडलेल्या चपला-वायरी उचलणे आणि लादी पुसणे ही कामे मराठी मध्यमवर्गीय घरात बहुधा त्याच बाईकडे जातात, जिची झोप मुलाने आधीच मोडलेली असते. पिल्लू आणण्याचा हट्ट पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचा असतो, ही गोष्टही या स्तंभात नोंदवून ठेवलेली बरी.

कुत्र्याने मुलाला चावण्याच्या घटनांत दोन बाबी पुन्हा पुन्हा आढळतात: कुत्रा बहुधा ओळखीचा असतो, आणि उंची कमी असल्याने मुलाच्या चेहऱ्यावर, डोक्यावर किंवा मानेवर जखम होण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा अधिक असते. ‘काही कारण नसताना चावला’ असे नंतर सांगितले जाते, परंतु चावण्यापूर्वी कुत्र्याने बरेच काही सांगितलेले असते. तो ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरपे पाहतो, अंग ताठ करतो आणि मग गुरगुरतो. गुरगुरणे ही शेवटची सूचना असल्याने त्यासाठी कुत्र्याला मारणे हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि थेट चावतो. हाऊंडना दिवसाचा बराच वेळ गाढ झोपण्याची सवय असते, आणि झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर मूल पडले तर या साऱ्या पायऱ्या गाळल्या जाऊ शकतात. म्हणून कुत्र्याची झोपण्याची जागा मुलाला जाता येणार नाही अशी, आडव्या फळीमागे किंवा जाळीच्या फाटकामागे असावी लागते.

आरोग्याची बाजू थोडक्यात सांगता येते. गोलकृमी हे जंत पिल्लाच्या अंगात आईच्या पोटातूनच येतात आणि त्यांची अंडी मातीतून, बोटांवरून मुलाच्या तोंडात जाऊ शकतात, त्यामुळे पशुवैद्यांनी ठरवून दिलेले जंतनाशकाचे वेळापत्रक चुकवून चालत नाही. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर मिळते. तोवर त्याचे दात लागून मुलाच्या अंगावर रक्त आले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टर गाठावा, हळद-चुना लावत बसू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के जण १५ वर्षांखालील असतात. उलट धोका पिल्लालाही आहे, कारण मूल आपल्या ताटलीतले वाटून खाते आणि मनुका, चॉकलेट व कांदा या तिन्ही गोष्टी कुत्र्याला विषारी ठरतात.

बीगल आकाराने लहान म्हणून सोपा, हा समजही अर्धवट आहे. मुलांच्या बाबतीत तो बहुतेक दृष्टिशिकाऱ्यांपेक्षा सोशिक असतो हे खरे, पण वास लागला की हाक ऐकत नाही, खाण्याच्या मागे असतो आणि एकटा ठेवल्यास असा गळा काढतो की सोसायटीच्या पुढच्या सभेत तो विषय हमखास निघतो. कारवानीला उलट आवाज कमी, पण त्याला धावायला कुंपण घातलेली मोकळी जागा लागते. रस्त्यावर पट्टा सुटला की मांजरामागे तो वाहनांखाली जातो आणि एका हाताने बाबागाडी ढकलणाऱ्या माणसाला दुसऱ्या हाताने तो आवरत नाही.

सर्वांत धाकटे मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे ‘कुत्रा झोपलाय, हात लावू नकोस’ हे त्याला एकदा सांगून कळेपर्यंत, हाऊंडचे पिल्लू घरात आणू नये. शेतवस्तीवर अंगण आणि चार माणसे असलेल्या एकत्र कुटुंबाला हा निर्णय थोडा सैल करता येईल, दोघेही नोकरी करणाऱ्या जोडप्याला नाही. कुत्रा हवाच असेल तर मुलांच्या घरात आधी राहिलेला, तीन-चार वर्षांचा, स्वभावाने ओळखीचा झालेला प्रौढ कुत्रा पाहावा. तो गावठी असला तरी बिघडत नाही. आणि एवढे ऐकूनही जे पिल्लूच आणणार आहेत त्यांनी आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू देऊ करणाऱ्याकडे पाठ फिरवावी, पिल्लाची आई प्रत्यक्ष दाखवण्याचा आग्रह धरावा, आणि ती अनोळखी मुलाला पाहून मागे सरत वा गुरगुरत असेल तर विसाराचे पैसे सोडून रिकाम्या हाताने परत यावे.