स्वयंपाकघरापासून सुरुवात करा

अमेरिकेतली वसाहतकाळापासूनची घरे बघून येणाऱ्यांची एक तक्रार अलीकडे वारंवार कानावर येते. आम्ही वॉशिंग्टनचे घर बघायला गेलो, जेफरसनचे घर बघायला गेलो, आणि तिथे गुलामांच्याच कहाण्या ऐकून आलो. घर दाखवा, सामानसुमान दाखवा, त्या थोर माणसाच्या चार गोष्टी सांगा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या दिवाणखान्यात आजचे राजकारण कशाला? मार्च २०२५मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी इतिहासाच्या मांडणीबद्दल काढलेल्या आदेशाने या सुराला सरकारी पाठबळ मिळाले. व्हर्जिनियात, न्यू जर्सीत मुलांकडे राहायला गेलेली आपली मंडळीही हेच म्हणताना आढळतात. म्हणून हा मुद्दा मराठीतही लढवला पाहिजे.

या तक्रारीत खरे आहे ते आधी मान्य करतो. ही घरे वाचली ती थोर पुरुषांवरच्या भक्तीमुळेच. वॉशिंग्टनचे घर, माउंट व्हर्नन, मोडकळीला आले तेव्हा ते विकत घ्यायला ना राज्य सरकार पुढे आले, ना केंद्र सरकार. अ‍ॅन पामेला कनिंगहॅम या बाईंनी १८५३मध्ये बायकांची संस्था काढली आणि गावोगावहून वर्गणी जमवून दोन लाख डॉलरला तो सौदा केला. ती संस्था आजही घर सांभाळते. या बायकांचे ऋण मोठे आहे.

पण ‘मुळात होते तेच दाखवा, नवे घुसडू नका’ हा आग्रह जरा तपासला की ढासळतो. बॉस्टनमधले, स्वातंत्र्ययुद्धातला नायक पॉल रिव्हिअर याचे घर घ्या. रिव्हिअरने ते १७७०मध्ये घेतले तेव्हा त्याला तीन पूर्ण मजले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जीर्णोद्धार करणाऱ्यांना घर सतराव्या शतकातले दिसायला हवे होते, म्हणून त्यांनी तिसरा मजला उतरवला. १९०८पासून लोक रिव्हिअरचे म्हणून जे घर बघतात, त्या रूपात ते रिव्हिअरने कधी पाहिलेच नव्हते. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावात तर १९२६पासून उद्योगपती रॉकफेलर यांच्या पैशातून नंतरच्या काळातल्या शेकडो इमारती पाडल्या आणि गव्हर्नरचा प्रासाद जुन्या पायावर नव्याने उभारला. स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर या गावातली निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती, पण कित्येक दशके गोष्ट सांगितली गेली ती मुख्यतः उरलेल्या निम्म्यांची. काय पाडायचे, काय राखायचे, कोणाचे नाव घ्यायचे हे त्या वेळीही माणसांनीच ठरवले होते. तेव्हा केलेली निवड शुद्ध इतिहास आणि आज केलेली दुरुस्ती राजकारण, हे कुठले तर्कशास्त्र?

दुसरा आक्षेप अधिक शहाणा वाटतो: ज्यांनी कागद मागे ठेवले नाहीत, त्यांचे रोजचे जगणे कशाच्या आधारावर सांगणार? आधार भरपूर आहे. त्या काळी घरमालक वारला की दोन-तीन जण घरात येऊन एकेका वस्तूची नोंद करत आणि किंमत मांडत. पिसांची गादी, लोखंडी भांडी, चरखा, गाय, आणि त्याच यादीत माणसेही, नावानिशी, किमतीसह. गुलामांच्या खोल्यांच्या जमिनीखाली हाडे, मणी, बटणे सापडली आहेत. आणि कागदच हवा असेल तर तोही आहे. जेम्स हेमिंग्ज हा जेफरसनचा गुलाम. जेफरसनने त्याला १७८४मध्ये पॅरिसला नेले आणि फ्रेंच स्वयंपाक शिकायला लावला. आपल्या धाकट्या भावाला, पीटरला, तयार केल्यावरच त्याची सुटका झाली. १७९६मध्ये निघताना त्याने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहिली. अक्षर नीटस आहे. तो कागद आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

त्याच जेफरसनच्या घरातले, माँटिचेलोतले, जेवणघर बघा. तिथल्या एका दाराला मधल्या आसावर फिरण्याची सोय आहे आणि मागच्या बाजूला फळ्या ठोकलेल्या आहेत. पदार्थ फळ्यांवर ठेवायचे, दार फिरवायचे, की ते पाहुण्यांसमोर हजर. शेकोटीच्या दोन्ही अंगांना तळघरातून दारूच्या बाटल्या वर ओढणारे छोटे उचलयंत्र बसवलेले आहे. लोक यात जेफरसनची कल्पकता बघतात, आणि ती होतीच. पण घराखालच्या बोळातून ताटे वाहून आणणारा माणूस पाहुण्यांना दिसू नये, हेही त्या दाराने साधत होते. त्या माणसाचा उल्लेख न करता दार दाखवले तर दारच अर्धे दाखवले. ज्याने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली, त्याच्या घरात हा मजकूर बाहेरून आणावा लागत नाही. जेफरसनच्याच गुलामगिरीत असलेली सॅली हेमिंग्ज जिथे राहत असावी त्या खोलीच्या जागी पर्यटकांसाठी स्वच्छतागृह बांधले गेले होते. तिच्या आयुष्यावरचे दालन तिथे खुले व्हायला २०१८ साल उजाडले. घुसडणे म्हणायचे तर त्या स्वच्छतागृहाला म्हणा.

जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला. त्यांच्या भाषेत वाढलेल्या प्रवाशाने तरी ‘ती गोष्ट नको’ म्हणू नये, असे मला मनापासून वाटते.

गुलाम बाळगणाऱ्यांची घरे राखायचीच कशाला, असे दुसऱ्या टोकाचे लोक विचारतात. त्यांनाही उत्तर माँटिचेलोतले तेच फिरते दार आहे. घर पाडले तर दारही गेले.

मग करावे काय? फेरी दिवाणखान्याऐवजी स्वयंपाकघरापासून सुरू करा. पाणी कोणी भरले, लाकूड कोणी फोडले, चूल पहाटे कोणी पेटवली, हे ठाऊक झाल्यावर माणूस दिवाणखान्यात शिरला की चांदीची चहादाणी वेगळीच दिसते. नावे ठाऊक असतील तर घ्या. अंदाज असेल तर अंदाज म्हणून सांगा. आखूड दिसणाऱ्या पलंगांवरून त्या काळची माणसे ठेंगणी होती असे ठोकून देणे बंद करा. प्रौढांची उंची आजच्यापेक्षा फारशी कमी नव्हती.

आणि हे फक्त दक्षिणेचे काम नव्हे. मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला रॉयल घराण्याचे घर आहे, शेजारी गुलामांची राहण्याची इमारतही उभी आहे, आणि संग्रहालयाच्या नावात आता दोन्हींचा उल्लेख आहे. याच घरात राबलेल्या बेलिंडाने १७८३मध्ये रॉयलच्या मालमत्तेतून निवृत्तिवेतन मागणारा अर्ज विधिमंडळाकडे केला. वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले, पण ते नीट हाती पडेनात, म्हणून तिला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. नव्या वाटाड्यांना या घरांत उभे करताना फर्निचरच्या शैली पाठ करून घेण्याआधी तिचे हे अर्ज वाचायला द्यावेत.