आयएसएलमध्ये आधीपासून ६ संघांचा प्ले-ऑफ असता, तर मुंबई आणि पुण्याचा इतिहास बदलला असता?

इंडियन सुपर लीगने (आयएसएल) २०२२-२३ च्या हंगामापासून प्ले-ऑफचा नियम बदलला. तोवर साखळी फेरीतले पहिले ४ संघ पुढे जायचे. नव्या नियमात ६ संघांना संधी मिळाली. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा यांच्यात एकच सामना, हरला तो बाहेर.

हाच नियम २०१४ च्या पहिल्या हंगामापासून असता तर? महाराष्ट्राच्या दोन संघांची कामगिरी कागदावर एकदम वेगळी दिसली असती.

जुनी गुणतालिका, नवा नियम

एफसी पुणे सिटी ५ हंगाम खेळला आणि प्ले-ऑफमध्ये एकदाच, २०१७-१८ मध्ये पोहोचला. २०१९ मध्ये क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पण २०१४ आणि २०१६ मध्ये पुणे सहाव्या क्रमांकावर होतं. नव्या नियमाने हिशेब केला तर ५ पैकी ३ वेळा प्ले-ऑफ!

मुंबई सिटी एफसी २०१५ मध्ये सहावी, तर २०१९-२० आणि २०२१-२२ मध्ये पाचवी होती. म्हणजे पहिल्या ८ हंगामांत मुंबईने प्रत्यक्षात ३ वेळा प्ले-ऑफ गाठला, नव्या नियमाने तो आकडा ६ झाला असता.

पण हा हिशेब सरळ नाही

२०१४ ते २०१६ दरम्यान लीगमध्ये ८ च संघ होते. ८ पैकी ६ पुढे जाणार असतील, तर साखळी फेरीला अर्थ काय उरतो? २०२२-२३ मध्ये ११ आणि २०२४-२५ मध्ये १३ संघांमधून ६ जण पुढे गेले, म्हणजे साधारण निम्मे. ८ संघांत निम्मे म्हणजे ४, आणि जुना नियम तोच होता.

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला हे चटकन कळेल. प्रतवारीचा निकष सैल केला की फळ तेच राहतं, फक्त पेटी बदलते. पुण्याचा ८ संघांमधला सहावा क्रमांक तसाच आहे.

मुंबईच्या दोन पाचव्या क्रमांकांचं मात्र तसं नाही. ते १० आणि ११ संघांमध्ये आले होते. २०१९-२० मध्ये चौथ्या जागेच्या शर्यतीत चेन्नईयिनने मुंबईला १-० ने हरवलं आणि मुंबईचा हंगाम साखळी फेरीतच संपला. चेन्नईयिन पुढे अंतिम फेरीपर्यंत गेली. नवा नियम असता तर दोघांनाही जागा मिळाली असती.

इथेच दुसरी अडचण येते. तसं असतं, तर तो सामना दोन्ही संघ त्याच जिद्दीने खेळले असते का? नियम बदलला की डावपेच बदलतात, आणि मग गुणतालिकाही तीच राहत नाही.

दार उघडलं, पुढे काय?

२०२२-२३ ते २०२४-२५ या ३ हंगामांत पाचव्या-सहाव्या क्रमांकावरून ६ संघ प्ले-ऑफमध्ये आले. त्यातला फक्त एक, २०२४-२५ चा जमशेदपूर, उपांत्य फेरीत पोहोचला. अंतिम फेरीत एकही नाही. २०२४-२५ मध्ये सहावी आलेली मुंबई बेंगळुरूकडून ५-० ने हरली.

त्यामुळे जुन्या हंगामांना नवा नियम लावला तर करंडक मुंबई-पुण्याकडे आले असते, असं म्हणायला फारसा आधार नाही. मुंबईचे दोन हंगाम 'अपयशी' म्हणण्याआधी मात्र विचार करायला हवा. आणि नियम बदलण्याआधीच्या आणि नंतरच्या संघांची तुलना करताना 'किती वेळा प्ले-ऑफ' एवढंच मोजून भागणार नाही. किती संघांमध्ये कितवा क्रमांक, हेही पाहावं लागेल.