पगार थांबला, हप्ता थांबत नाही

मुलाला अभियांत्रिकीला किंवा मुलीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला धाडावयाचे तर शैक्षणिक कर्जावाचून गत्यंतर नाही, अशी कुटुंबे डिचोली आणि पेडणे तालुक्यांत थोडी नाहीत. कारापूरसारख्या गावात या कर्जाच्या कागदावर बापाची सही होते, तेव्हा ती निव्वळ साक्षीची आहे असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेप्रमाणे पालक हा सहकर्जदार असतो. मुलाची नोकरी सुटली किंवा लग्नानंतर, बाळंतपणानंतर, सासूच्या आजारपणात मुलीने ती सोडली, की बँकेची नोटीस बापाच्या दारी येते.

आणि बापाच्या मिळकतीची तरी काय शाश्वती? २०१२ च्या सप्टेंबरात डिचोलीच्या खाणी प्रथम बंद झाल्या. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चच्या मध्यास उत्खनन पुन्हा थांबले. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे प्रस्तुत नाही. मुद्दा इतकाच की, ज्या मिळकतीच्या भरवशावर कर्जे उचलली गेली, ती एका पिढीच्या हयातीत दोनदा खंडित झाली. ट्रकवाल्यांच्या थकबाकीसाठी सरकारला सवलतीची योजना आणावी लागली. ट्रक निदान ओढून नेता येतो, विकता येतो. पदवीचे तसे नाही. म्हणूनच बँक माणसाच्या मागे लागते.

आकडे पाहिले म्हणजे हा भार किती ते कळते. साडेसात लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे ९,९०० रुपये पडतात. वर्षभर काहीच भरले नाही तर मुद्दलात पाऊण लाखाहून अधिक भर पडते. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि मुलाबरोबर बापाचीही पत जाते. मग धाकट्या भावंडाच्या शिक्षणासाठी बँकेची पायरी कोणत्या तोंडाने चढावी?

या आपत्तीवर उपाय मुळीच नाही असे मात्र नव्हे. बँक संघाच्या २०१५ च्या सुधारित योजनेत, बेकारीच्या वा अर्धबेकारीच्या काळात, कर्जाच्या मुदतीत दोन-तीन वेळा हप्त्यांना विराम देता येईल, अशी तरतूद आहे. ही गोष्ट किती कर्जदारांना ठाऊक असेल? कर्ज देताना व्याजाचा दर तोंडपाठ सांगणारा अधिकारी या तरतुदीबाबत मौन का पाळतो, हे एक कोडेच आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेला केंद्राच्या हमी निधीचे कवच मिळते आणि थकलेल्या रकमेचा मोठा भाग तिला भरून मिळू शकतो. कर्जदाराला मात्र स्वतःच्या हक्काची साधी वार्ताही नसावी, हा न्याय नव्हे.

अन्य देशांनी याचा विचार पूर्वीच केला आहे. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून शिक्षणाचे देणे मिळकत ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावरच कराबरोबर वसूल होते; मिळकत नसेल त्या वर्षी सक्तीची वसुली नाही. आपल्याकडेही १९६३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्तीत शिक्षकी पेशा पत्करणाऱ्याच्या कर्जाचा दहावा हिस्सा सेवेच्या प्रत्येक वर्षाला माफ होत असे. म्हणजे कर्जदाराच्या परिस्थितीकडे पाहून वसुली करण्याची कल्पना आपल्याला परकी नाही.

कर्ज बुडवावे असे आम्ही सुचवीत नाही. पैसा ठेवीदारांचा आहे आणि तो परत गेलाच पाहिजे. परंतु शिक्षण चालू असता आदर्श योजनेत सरळ व्याज आकारले जाते. मग नोकरी सुटल्यावरच्या विरामात चक्रवाढ कशासाठी? विरामाची तरतूद करारपत्रात मराठीतून छापली जावी आणि बँकेच्या फलकावर लागावी, एवढी मागणी राज्य सरकारने बँकांकडे करण्यास हरकत नसावी. गोवा शिक्षण विकास महामंडळ स्वतः बिनव्याजी कर्ज देते. घरातील वृद्धांच्या वा अर्भकाच्या संगोपनासाठी नोकरी सोडणाऱ्या मुलींना विराम देण्याचा पायंडा त्याने प्रथम पाडावा. आणि नोकरी सुटलेल्यांनी नोटिशीची वाट न पाहता, पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच लेखी अर्ज घेऊन बँकेत जावे व अर्जाची पोच मागून घ्यावी.