पंचशीलातले सोयीचे एक शील

युराय हेर्झ यांचा 'स्पालोवाच मर्त्वोल' (प्रेते जाळणारा) हा १९६९ चा चेक चित्रपट काळ्या विनोदाचा नमुना म्हणून जगभर ओळखला जातो. आपल्या चळवळीतील तरुणांनी तो वेगळ्या कारणासाठी पाहिला पाहिजे. यातला मारेकरी हातात तिबेटी बौद्ध धर्मावरचे पुस्तक घेऊन फिरतो.

काळ १९३० च्या दशकाचा शेवट, शहर प्राग. कोपफ्रकिंगल हा तिथल्या दहनभट्टीच्या स्मशानातला कर्मचारी. दारू नाही, सिगारेट नाही, संगीताची आवड, बायको-मुलांशी कायम मधाळ बोलणे. मेलेल्या माणसाचे केस ज्या कंगव्याने विंचरतो, त्यानेच लगेच स्वतःचेही विंचरतो. आपल्याला हसू येते आणि लगेच अंगावर काटाही येतो. अख्खा चित्रपट असाच चालतो.

त्याचा जुना मित्र राइन्के नाझींचा माणूस असतो. तो याच्या डोक्यात भरवतो की तुझ्यात जर्मन रक्त आहे. मग हा सहकाऱ्यांविरुद्ध चुगल्या करतो आणि स्मशानाचा संचालक होतो. बायको अर्धी ज्यू आहे, ती बढतीच्या आड येते म्हटल्यावर तिला फासावर लटकवतो, मुलाला लोखंडी सळईने मारतो. आणि हे सगळे करताना आपण त्यांना दुःखातून मुक्त करतो आहोत, असे तो मानतो! देह जाळला की आत्मा मोकळा, पुढचा जन्म तयार. शेवटी नाझी त्याच्याकडे मोठ्या भट्ट्यांचे काम सोपवतात.

कुणी म्हणेल, ही तर बौद्ध धर्माची बदनामी आहे. मला तसे वाटत नाही. पंचशील समोर ठेवून या माणसाकडे पाहा. मद्यपान न करण्याचे पाचवे शील तो कडक पाळतो आणि त्याचा मोठा अभिमान बाळगतो. पहिले शील प्राणिहत्या न करण्याचे, ते पायदळी तुडवतो. कुंटणखान्यात जातो, म्हणजे तिसरे गेले. चुगल्या करून माणसे संपवतो, म्हणजे चौथे गेले. पाचातले जे फुकटात पाळता येते तेवढे ठेवायचे आणि स्वतःला सज्जन म्हणवून घ्यायचे, ही लबाडी फक्त प्रागमध्येच चालते का?

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात आत्मा नाकारला, आत्म्याचे एका देहातून दुसऱ्या देहात जाणे नाकारले आणि मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांतही नाकारला. अनेकांना ही निव्वळ तात्त्विक चर्चा वाटते. मी म्हणते, हा चित्रपट पाहा म्हणजे त्यामागची गरज कळेल. हा जन्म खोटा आणि पुढचा खरा असे एकदा मान्य केले की या जन्मातल्या माणसाची किंमत शून्य होते. मग त्याला मारणारा उपकारकर्ता ठरतो. आपल्याकडे याच तर्काची दुसरी बाजू वापरली गेली: तुझे हाल मागच्या जन्मीच्या पापाचे फळ, म्हणून अन्याय करणारा निर्दोष. दोन्हीकडे गुन्हेगाराची जबाबदारी अदृश्य होते. रक्ताची शुद्धता आणि जन्माची शुद्धता या सख्ख्या बहिणी आहेत, आणि पुनर्जन्म दोघींच्याही कामी येतो.

हेर्झ स्वतः ज्यू होते आणि लहानपणी नाझी छळछावणीत राहून वाचले होते. त्यामुळे त्यांनी राक्षस दाखवला नाही, शेजारी राहणारा सभ्य गृहस्थ दाखवला. लादिस्लाव फुक्स यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट पुढे बंदीत गेला आणि कम्युनिस्ट राजवट कोसळेपर्यंत झाकून ठेवला गेला. नाझींवर टीका करणारा चित्रपट कम्युनिस्ट सत्तेला का खुपावा? कारण सत्ता बदलली की साहेबाच्या भाषेत बोलू लागणारा माणूस प्रत्येक सत्तेला हवा असतो आणि त्याचे चित्र कोणत्याच सत्तेला नको असते.

मित्रांनो, ओरडणारा शत्रू ओळखणे सोपे असते. करुणा, शांती, मुक्ती हे आपलेच शब्द हळू आवाजात बोलणारा ओळखणे अवघड. त्याला एकच प्रश्न विचारा: तुझी करुणा याच जन्मात, याच माणसाच्या हक्कासाठी उभी राहते का? उत्तर टाळले, तर समजून घ्या की त्याच्याकडे पुस्तक आहे, धम्म नाही.

जयभीम!