'हा रागीट' की 'हा राग'?

घरी पाहुणे आले की आपण मुलांची ओळख करून देतो. "हा आमचा थोरला. भारी चिडका!" "ही धाकटी. ही ना, अगदी लाजरीबुजरी." पाहुणे हसतात, मूल खाली बघते किंवा आतल्या खोलीत निघून जाते आणि चहापोह्यांबरोबर विषय बदलतो. या वाक्यांतल्या 'हा' आणि 'ही' यांना व्याकरणात दर्शक सर्वनामे म्हणतात. दर्शक म्हणजे दाखवणारी, बोट करणारी. त्या बोटासमोर आपण मुलाला उभे करतो की त्याच्या रागाला, याचा विचार मात्र आपण सहसा करत नाही.

हेच बोट दाखवणारे शब्द इंग्रजीच्या तासाला मुलांना पुन्हा भेटतात. 'धिस', 'दॅट', 'दीज' आणि 'दोज'. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या आजोबांपासून पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवलेल्या आईबाबांपर्यंत सगळ्यांनी हे शब्द घोकले. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आले, तेव्हा आजची मुले तर ते सहाव्या वर्षीच म्हणू लागतात. हातातले पेन 'धिस', खिडकीबाहेरचे झाड 'दॅट'. तरीही आठवी-नववीच्या वह्या तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकांना विचारा, 'धिस बुक्स' आणि 'दोज बॉय' अजून गेलेले नाहीत.

त्यात मुलांचा दोष नाही. मराठीत 'हे पुस्तक' एकवचनी आणि 'हे मुलगे' अनेकवचनी. 'ही मुलगी' एक, 'ही पुस्तके' अनेक. 'ते' म्हणजे लांबची एखादी वस्तू, लांबचे अनेक पुरुष किंवा आदराने उल्लेखलेले एकच गुरुजी. आणि 'आमचे हे' म्हटले की कोण, ते तर विचारायलाच नको! आपली दर्शके लिंग सांगतात, मान सांगतात, नातेही सांगतात. इंग्रजीची चार दर्शके फक्त दोनच गोष्टी विचारतात. जवळ की लांब? एक की अनेक? एवढा फरक समोर मांडून दाखवला तर मुलांच्या निम्म्या चुका कमी होतील.

आणखी एक फरक आहे आणि तो आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. मराठीत 'हा' आणि 'तो' वस्तूलाही चालतात, माणसालाही. त्यामुळे 'हा आळशी आहे' याचे भाषांतर मुले सरळ 'धिस इज लेझी' असे करतात. इंग्रजीत ते चालत नाही. 'धिस इज माय फ्रेंड' अशी ओळख करून देता येते, पण त्या माणसाबद्दल पुढे काही सांगायचे तर 'ही' किंवा 'शी' म्हणावे लागते. नुसते 'धिस' म्हणून एखाद्यावर आळशीपणाचा शिक्का मारता येत नाही. 'धिस'ला आपल्यापुढे 'लेझिनेस' हवा, 'अँगर' हवा, 'फिअर' हवी. म्हणजे 'हा रागीट' नव्हे, तर 'हा राग'. पहिल्या वाक्यातला 'हा' सर्वनाम आहे, तो मुलाला चिकटतो. दुसऱ्यातला 'हा' विशेषण आहे, तो रागाला चिकटतो आणि मूल मोकळे राहते.

हायस्कूलमध्ये दर्शक सर्वनामे आणि भावनांची ओळख या दोन गोष्टी एकाच तासाला शिकवाव्यात, असे आम्हाला वाटते ते यासाठीच. नवा विषय नको, नवे पुस्तक नको, वेळापत्रकात वेगळा तासही नको. जे चार शब्द शिकवायचेच आहेत, त्यांच्यासमोर पेन आणि बाकाऐवजी अधूनमधून मनातली एखादी गोष्ट ठेवायची.

बाळ साधारण वर्षाचे होते तेव्हा बोट दाखवू लागते. चिऊ दिसली की बोट तिकडे आणि नजर आईकडे. आई बघते आहे ना, याची ते खात्री करून घेते. दोघांनी एकाच वस्तूकडे बघणे ही भाषेच्या पायाभरणीतली एक मोठी घटना असल्याचे भाषेचे अभ्यासक मानतात. दर्शक शब्दाचा खरा अर्थही हाच आहे. ऐकणारा तिकडे बघत नसेल तर 'हे' या शब्दाला काही अर्थ उरत नाही. चौदा वर्षांचे मूल मनातल्या एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवते तेव्हाही त्याला हेच हवे असते, की कोणी तरी आपल्याबरोबर तिकडे बघावे. आपण मात्र बऱ्याच वेळा त्या गोष्टीकडे न बघता मुलाकडेच रोखून बघतो.

आता 'धिस' म्हटले की पुढे नाम लागते. इथे मोठीच अडचण येते. आजच्या मुलांच्या तोंडी भावनांची नावे किती? 'टेन्शन', 'बोअर', 'मूड ऑफ'. परीक्षेची धास्ती, मैत्रिणीने अबोला धरल्याची रुखरुख, मोठ्या भावाचा हेवा, घरातल्या भांडणाने होणारी घालमेल, सगळ्यांना एकच नाव, टेन्शन! ज्या भाषेत हुरहूर आणि हळहळ वेगळी आहे, चरफड आणि तडफड वेगळी आहे, हिरमुसणे आणि खट्टू होणे यांतही बारीक अंतर आहे, त्या भाषेतल्या मुलांची ही उपासमार आहे. फळ्यावर 'धिस फीलिंग इज...' एवढे लिहून रिकामी जागा सोडली, तर ती भरण्यासाठी मुले आधी मराठीतच शब्द शोधतील. शोधू द्यावेत. नेमका इंग्रजी शब्द नंतर मिळेल. एखाद्या वेळी मिळणारही नाही, आणि 'हुरहूर'ला इंग्रजीत चपखल शब्द नाही हे कळणे हाही भाषेचाच धडा आहे.

नाव दिल्याने काय होते? २००७ साली अमेरिकेत मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रे दाखवली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूतल्या हालचाली टिपल्या. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव दिले तेव्हा धोक्याची वर्दी देणाऱ्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. मनातले बोलून टाकले की हलके वाटते, हे आपल्या आजीला ठाऊकच होते. त्याला प्रयोगशाळेने दुजोरा दिला, इतकेच.

नाव दिल्यावर 'धिस'चे 'दॅट' करता येते. इंग्रजीत हे शब्द केवळ हातांचे अंतर मोजत नाहीत, काळाचेही मोजतात. चालू आहे ते 'धिस', सरले ते 'दॅट'. 'धिस इज फिअर' असे आज लिहिलेले मूल आठवड्याने तेच पान उघडून 'दॅट वॉज फिअर' असे लिहू शकते. 'इज'चे 'वॉज' करायलाही ते त्याच वाक्यात शिकते आणि आलेली भीती जाते, हेही. मराठीने ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. इंग्रज माणूस 'आय अॅम अँग्री' म्हणतो, म्हणजे तो स्वतःच राग होऊन बसतो. आपल्याला राग 'येतो', कंटाळा 'येतो', रडू 'येते'. जो येतो तो पाहुणा, तो केव्हा तरी जाणारच. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहून दाखवली तर मुलांना इंग्रजीची रचनाही कळेल आणि आपल्या भाषेचे शहाणपणही.

अनेकवचनांचेही काम आहे. बहिणीचे लग्न ठरले की आनंद होतो आणि पोटात कालवाकालवही होते. मित्राला पहिला नंबर मिळाला की अभिमान वाटतो आणि जळतेही. दोन उलट भावना एकदम आल्या की आपलेच काही चुकते आहे असे या वयात वाटते. 'दीज फीलिंग्ज' म्हणताना त्या एकत्र नांदू शकतात, हे शिकता येते. आणि 'दोज'? 'दोज पीपल', 'ती माणसे', 'त्या वस्तीतली मुले'. लांब ढकलण्यासाठी दर्शक किती सहज वापरता येते! मधल्या सुट्टीत डब्यांचे घोळके कसे जमतात, कोण 'आपल्यातले' आणि कोण 'त्यांच्यातले' ठरते, हे मुलांना चांगलेच माहीत असते. 'दोज'वरचा एक तास त्यावर बोलण्यात गेला तर तो वाया गेला असे कोणी म्हणू नये.

हे सगळे इंग्रजीतच कशाला, असा प्रश्न येईल. मराठीतही व्हावे, जरूर व्हावे. पण परक्या भाषेची एक गंमत आहे. आपल्या घरांत बापाच्या तोंडून 'माझे चुकले' निघायला वेळ लागतो, 'सॉरी' पटकन निघते. ॲनेटा पाव्हलेन्को यांच्यासारख्या बहुभाषिकांच्या अभ्यासकांनी दाखवले आहे, की नंतर शिकलेल्या भाषेतले शब्द बऱ्याच जणांना तितके झोंबत नाहीत. जे मराठीत म्हणताना गळा दाटतो, ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत वहीत उतरू शकते.

अर्थात पथ्ये पाळावी लागतील. सुरुवात मुलांच्या मनापासून करू नये. धड्यातल्या पात्रापासून, फळ्यावर काढलेल्या चेहऱ्यापासून करावी. 'धिस फेस इज सॅड, दॅट फेस इज अफ्रेड.' स्वतःबद्दल लिहायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. लिहिलेले वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये, त्याला गुण देऊ नयेत. 'दीज फीलिंग इज किलिंग मी' असे कोणी लिहिले तर लाल पेन खाली ठेवून आधी त्या मुलाशी बोलावे. अनेकवचन उद्या शिकवता येईल. शिक्षकाने मानसोपचारतज्ज्ञ व्हावे अशी अपेक्षा नाही. योग्य माणसाकडे मुलाला आणि पालकांना पोहोचवणे, एवढे त्याच्याकडून व्हावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तो क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असायला हरकत नाही.

पोर्शन कधी संपवायचा, साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमायचे, हे शिक्षकांचे प्रश्न खरे आहेत. पण दुसऱ्या बाजूचा आकडाही पाहायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. प्रत्येक घटनेची कारणे वेगळी आणि गुंतागुंतीची असतात. व्याकरणाच्या एका धड्याने ती टळली असती, असा दावा कोणी करू नये. पण अशा बातमीनंतर घरच्यांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते, "आम्हाला काही बोललाच नाही." बोलायला शब्द लागतात आणि शब्दांना सराव लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी जी जीवनकौशल्ये सुचवली, त्यांत भावना हाताळणे आणि स्वतःला ओळखणे यांचा समावेश होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सामाजिक आणि भावनिक शिक्षणाचा उल्लेख केला आहे. धोरणातला शब्द वर्गात यायचा तर तो रोजच्या तासातूनच येईल.

आणि घरी? घरी इंग्रजीचीही गरज नाही. मुलगा दार आपटून आत गेला की "हा असाच आहे" हे वाक्य आपल्या तोंडाशी येते. तेवढे गिळावे. थोड्या वेळाने जाऊन "हा राग कशाचा रे?" असे विचारावे. उत्तर लगेच मिळेल असे नाही. पण दुसऱ्या प्रश्नाला निदान उत्तर तरी असू शकते.