दाखला दोषाचा की संशयाचा?

कारंजा-मंगरूळपीर रस्त्यावर रात्री दोन वाजता गाडी बंद पडली, की बायकापोरांसह आपण सगळे क्रेनवाल्याच्या भरवशावर. त्याची चारित्र्य पडताळणी व्हावी, याला माझी ना नाही. माझे भांडण दाखल्यावरच्या एका ओळीशी आहे : गुन्हा दाखल, प्रकरण न्यायप्रविष्ट. ही ओळ दिसली, की ठेकेदार फोनवरच सांगतो, उद्यापासून येऊ नको. अहो, गुन्हा दाखल होणे म्हणजे शिक्षा झाली का? २०२०च्या टाळेबंदीत घराबाहेर दिसलेल्यांवरही कलम १८८ लागले होते! आणि गल्लीत दगडफेक झाली की फिर्यादीत कुणाकुणाची नावे येतात, हे आमच्या मोहल्ल्याला वेगळे सांगायला नको.

अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बजावले, की सेवेत कायम झालेल्याला खात्यांतर्गत चौकशीशिवाय काढता येणार नाही. पण क्रेनवाला कायम होतो कधी? ठेका बदलला की तो पुन्हा नवा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालेल्याला खुशाल काढा. मात्र ज्याचा खटला अजून चालू आहे, त्याला लेखी नोटीस द्या, त्याचे म्हणणे ऐका, आणि निर्दोष सुटला तर त्याच क्रेनवर परत घ्या.